चहाच्या आधी

जून उजाडला की होपडेलच्या खाडीतला बर्फ
आधी काळपट होतो, मग पातळ, मग खोटा.
त्या आठवड्यात मी स्नोमोबाइल शेडमध्ये ढकलते,
तिचा मागचा भाग ठोकळ्यांवर चढवते
आणि बॉनेट उघडते.

आत मोहोर आलेला असतो.
पांढरा, भुरभुरीत, ॲल्युमिनियमच्या अंगभर;
पोलादाचा बोल्ट जिथं टेकतो तिथं सगळ्यात दाट.
दोन धातू शेजारी शेजारी नांदतात एरवी,
मध्ये खारं पाणी येईपर्यंत.

बोआसमामाची प्रत्येक गोष्ट संपता संपायची नाही,
ही एकच तोकडी:
गाडी धू, मग चहा पी.
फेब्रुवारीत नको, तेव्हा नळीतून निघता निघता पाण्याचा दगड होतो.
पण एप्रिलपासून, बर्फावर खारा चिखल साचायला लागला
की कितीही रात्र झालेली असो,
दोन बादल्या गोडं पाणी, कोमट,
इंजिनाच्या खाली, सांध्यांत, तारांच्या मागे,
जिथं हात पोचत नाही तिथं आधी.

एकदा राहिलं.
दोन हंस मारून आले होते, मोजे ओले,
किटली आधीच चुलीवर.
एकदा नाही. चारदा राहिलं.
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे;
आम्हाला खाणारं मीठ
कुणालाच जागत नाही.

तर आता पितळी ब्रश.
बॅटरीच्या टोकांवरचं हिरवं-निळं पीठ
सोड्याच्या पाण्यात फसफसून विरघळतं,
ते टाबेयाला फार आवडतं, ती आणखी सोडा टाकते.
माझ्या बहिणीची मुलगी, बारा वर्षांची,
टॉर्च माझ्या डोळ्यांत धरते आणि विचारते,
बाहेरून तर चांगली दिसते, मग?

मग हा बोल्ट.
तेल सोडलं. रात्रभर थांबले. पुन्हा सोडलं.
हातोडीनं हलकेच ठोकलं, दारावर ठोकावं तसं.
पाना फिरला, एक क्षण वाटलं, सुटला.
तुटला.
आवाज इतका लहान की टाबेयानं विचारलंसुद्धा नाही,
फक्त टॉर्च खाली केला.

दुपार ड्रिलमध्ये गेली.

हवेच्या डब्यात उंदराचं घरटं निघालं:
कॅरिबूचे केस, कागदाचा भुगा,
आणि माझ्या हरवलेल्या हातमोज्याची करडी लोकर.
तीन महिने मी त्यासाठी शेजारच्या झिपोराकडं
संशयानं बघत होते.

नवे बोल्ट बसवताना आटे ग्रीसनं माखायचे.
तारांच्या प्रत्येक जोडात ग्रीस, थोडंसं,
काजळ घालतात तेवढं.
बाकी उघड्या धातूवर तेलाचा फवारा,
पण ब्रेकच्या चकतीवर नाही, क्लचवर नाही,
पट्टा आधीच काढून खुंटीला.
सगळ्यालाच तेल लावायचं नसतं, मी म्हणते,
काही गोष्टींचं काम घट्ट धरणं असतं.

पुढच्या एप्रिलला मीठ येणारच ना परत?
टाबेया विचारते.
मी ग्रीसची ट्यूब तिच्या हातात देते.
याहून बरं उत्तर मामाकडं असेल;
तो मागच्या पानगळीपासून गूज बेच्या दवाखान्यात आहे
आणि फोनवर फक्त बर्फ विचारतो.

शेवटी इंजिन सुरू करून आत तेलाचा धूर भरायचा.
ती खोकते, दोनदा उसळते, गप्प होते.
वर ताडपत्री नको, आत घाम धरते; जुनी चादर पुरे.
उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात मामाचा एक मोजा.

चहा घेऊन आले तर टाबेया अजून आत वाकलेली.
ठेव तिथं, म्हणाली.
कपाच्या कानाला ग्रीस, पत्र्यावर थेंबथेंब पाणी,
आणि हँडलवर चिकटपट्टी, तिच्या अक्षरात:
नोव्हेंबर. आधी मोजा काढ.
मागच्या वर्षी मी विसरले होते, ते तिला कुणी सांगितलं
कोण जाणे.