सातवी टांगणी

रुस्तावीच्या कारखान्यात, तिसऱ्या शेडमध्ये,
सकाळची पाळी सुरू व्हायच्या आत
वर चढायचं असतं. क्रेन उभी. वीज तोडलेली.
कुलपाची किल्ली माझ्या खिशात, खिशाची चेन लावलेली.
शाल्वाने हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं,
बाकीचं सगळं त्यानंतर.

चौदा टांगण्या. प्रत्येकीत दोन रबरी चकत्या,
बशीएवढ्या, मधोमध भोक,
लोखंड आणि लोखंड यांच्या भांडणात बसवलेल्या.
त्यांनी थोडं दबायचं, थोडं कलायचं,
आणि परत यायचं.
परत येणं हेच काम.
दबतं तर काय, काहीही.

टॉर्च तिरपी धरायची.
समोरून उजेड मारला की भेग डोळे मिटून घेते.
ग्रीस आधी पुसायचं, ग्रीस खोटं बोलतं.
तेल प्यायलेलं रबर फुगतं, गुबगुबीत दिसतं,
माहेरी जाऊन आल्यासारखं;
बोट लावलं की काळं बोटाला येतं.
भट्टीच्या बाजूचं टणक होतं, त्याच्यावर
टिचकी मारली तर लाकडासारखी टक् वाजते.
नख रोवायचं आणि मोजायचं, एक, दोन –
दोनच्या आत खूण बुजली पाहिजे.

पहिली, ठीक. दुसरी, ठीक. तिसरीत कबुतराचं पीस.
चौथी, पाचवी, सहावी.
खाली त्सालेरीने कढईत कांदा टाकला असावा,
कँटीनचा वास छतापर्यंत चढला.
सातवी. पट्टी घातली फटीत : दोन पूर्णांक सहा.
मर्यादा तीन. मी वहीत लिहिलं
चालेल.

तेवढ्यात शिडीच्या तोंडाशी लामझिरा.
एकतीस वर्षं या क्रेनच्या केबिनमध्ये बसलेली,
गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत म्हणाली,
‘सातवी बघितलीस?’
बघितली, मावशी. मर्यादेत आहे.
‘सातवीखालून जाताना माझी कवळी वाजते.’
मी हसलो. ती नाही हसली.
‘रिकामी जाताना नाही. बादली भरलेली असली की.
आणि परतताना नाही, फक्त जाताना.’

नियमावलीत कवळीबद्दल काही नाही.
तरी मी पुन्हा वाकलो. चार मीटर वर,
पट्टा छातीत रुतलेला,
आरसा काठीला बांधून मागच्या बाजूला सरकवला,
तिथं, भिंतीकडच्या अंगाला,
जिथं नख पोचत नाही आणि मन तर त्याहून नाही,
एक भेग. ओठासारखी, किंचित उघडी.
पुढून चकती धडधाकट. मागून अर्धी गेलेली.

चंदन झिजलं की सगळ्यांना वास येतो.
रबर झिजतं ते कुणाला कळतं?
एका बाईच्या जबड्याला.

वहीतलं ‘चालेल’ मी खोडलं नाही,
त्यावर आडवी रेघ मारली, बाजूला सही, वेळ, सहा पन्नास,
कारण खोडलेलं दिसत नाही
आणि माझी चूक दिसायला हवी होती, निदान मला.
दुरुस्तीला साडेतीन तास लागले. फोरमन तेमुरी
घड्याळाकडे बघत राहिला, घड्याळ त्याच्याकडे.
नवी चकती बसताना चिकट आवाज झाला,
आणि नव्या रबराचा तो कडवट, शाळेच्या दप्तरासारखा वास.

मग भरलेली बादली घेऊन क्रेन निघाली.
खाली सगळे वर बघत.
पाचवी. सहावी. सातवी.
काचेमागे लामझिराने तोंड उघडून दाखवलं,
कवळी जागच्या जागी.

संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली.
जुनी चकती टाकणार आहेस?
टाकणारच.
‘मग दे. माझं कपडे धुण्याचं यंत्र
दर शनिवारी स्वयंपाकघरभर फिरतं.
एका पायाखाली ठेवीन.’
मी भेग दाखवली.
‘ठाऊक आहे,’ ती म्हणाली, ‘पण त्यात आठच किलो असतात.’
वर्तमानपत्रात गुंडाळून, ब्रेडच्या पिशवीत,
ती घेऊन गेली.

आठवी टांगणी उद्या.