प्रस्ताव : बोंबोराला वर्गात घ्यावे

फळ्यावर मीच लिहिलं, ठळक अक्षरांत,
आणि खाली रेघ ओढताना खडू मोडला.
चौथी ब. बावीस मुलं. कुताईसी.
खिडकीबाहेर अर्धवट वितळलेला फेब्रुवारी
आणि फाटकाशी प्रस्ताव स्वतः,
कानात नगरपालिकेचा पिवळा बिल्ला, पोटाला चिखल,
झोपेत मागचा एक पाय हलवत पडलेला.
नावात बोंब, पण भुंकत नाही फारसा.

बाजू ठरल्या चिठ्ठ्यांनी,
झुराच्या लोकरी टोपीत हात घालून.
तिथेच घोळ झाला.

तेकलेला निघाली ‘विरुद्ध’.
तेकले, जी डब्यातल्या खाचापुरीचा
चीजने भरलेला तुकडा रोज राखून ठेवते
आणि स्वतः करपलेल्या कडा चावत बसते.
तिने चिठ्ठी उलटी करून पाहिली,
पाठीमागे दुसरं काही लिहिलंय का.

आणि गेगाला ‘बाजूने’.
गेगा, जो कुत्रा दिसला की
भर रहदारीत रस्ता ओलांडतो, मग पुन्हा ओलांडतो,
आणि पोटरीवरचे चार व्रण मोज्यात झाकून ठेवतो.

“मास, बदलून द्या ना,” दोघंही एकदम.
मास म्हणजे मी. ‘मास्त्सावलेबेली’ हा अख्खा शब्द
उच्चारायला इथल्या मुलांना कधीच वेळ नसतो.
मी म्हटलं, नाही. का म्हटलं, ठाऊक नाही.
कदाचित घंटेला वीसच मिनिटं उरली होती म्हणून.

गेगा उठला. कागदाला कापरं भरलेलं.
म्हणाला, बाहेर थंडी आहे.
म्हणाला, बिल्ला आहे म्हणजे लस टोचलेली आहे.
मग कागद संपला आणि वेळ उरला.
घड्याळ धरलेला झुरा बोटं दाखवत होता,
चाळीस सेकंद, तीस सेकंद.
“आणि,” गेगा म्हणाला, “तो जवळ असला
की मला कळेल तो कुठे आहे.
लांब असतो तेव्हा तो सगळीकडेच असतो.”

बरबरे हसणार होती, पण खोकली.

तेकलेकडे कागदच नव्हता.
पाठीमागे हात बांधून, खिडकीकडे न बघता ती बोलली :
“झोपतो तेव्हा त्याचा एक डोळा फाटकावर असतो.
पावाची गाडी वळणावर असतानाच त्याला कळते.
एकदा गारा पडल्या तेव्हा मी त्याला आत आणलं होतं,
जिन्याखालच्या खोलीत. तुम्हाला कुणालाच माहीत नाही.
दार लावलं, तर दाराच्या फटीला नाक लावून उभाच राहिला.
बसला नाही. खाल्लं नाही.
खाचापुरीसुद्धा नाही.
त्याला आपण हवे आहोत.
खोली नकोय.”

आणि थांबली,
जणू हे दुसरंच कुणी बोलून गेलं होतं
आणि तिला ते पहिल्या बाकावर बसून ऐकावं लागलं होतं.

हात मोजले. विरुद्ध तेरा, बाजूने आठ.
तेकलेने हात वरच केला नाही.
जिंकल्याची सोनेरी चांदणी मी तिला दिली,
तिने ती बाकाच्या खालच्या अंगाला चिकटवली,
जिथे बाकी सगळे च्युइंगम चिकटवतात.

मधल्या सुट्टीत वरच्या मजल्यावरून पाहिलं :
ती त्याच्यापुढे उकिडवी बसून बराच वेळ बोलत होती.
निकाल सांगत असावी, कारणांसकट.
मैदानाच्या पार त्या टोकाहून,
बास्केटबॉलच्या खांबाला पाठ टेकून,
गेगा ओरडला, “काय म्हणतोय?”

बोंबोराने तुकडा गिळला,
तिचा तळवा चाटून स्वच्छ केला
आणि पुन्हा आडवा झाला, फाटकाकडे तोंड करून.

मी फळा पुसला.
हातात अजून तो मोडका अर्धा खडू.
पुढचा तास अपूर्णांकांचा.