शिक्का ठळक मारा

गणपती पेठेच्या बीटवर मी सव्वीस वर्षं होतो.
लोकांची कार्डं वाचू नयेत, असं खात्यात शिकवतात.
पण ज्या कार्डावर नुसते चार आकडे असतात
ते न वाचायचं कसं?
५२५४.
मला आधी वाटलं, मटका.

आदगोंडा चौगुले, हळदीच्या अडतीवर दिवाणजी.
बोटांची पेरं पिवळी, कार्डांचे कोपरे पिवळे.
"मटका न्हवं, दस्तगीर," आण्णा म्हणाले,
"पाचव्या पट्टीतलं दुसरं घर, तिथनं चौथं.
राजापुढचं प्यादं दोन घरं चाललं."
मग जरा अवघडून:
"शिक्का तेवढा ठळक मारायला सांगा तुमच्या हापिसात.
तारीख दिसली न्हाई की माणसं भांडत्यात."

ती भांडणंही त्यांच्याच गळ्यात.
बिनपगारी स्पर्धाप्रमुख, स्टेशनरी पदरची.
इटारसी, कोट्टायम, गोंदिया, सिल्चर,
सव्वाशे खेळाडू, एकाचंही तोंड पाहिलेलं नाही,
तरी कोण खोटं बोलतोय ते अक्षरावरून ओळखायचे.
एका चालीला तीन दिवस. वाटेतले दिवस धरायचे नाहीत.
दिवस मावळायच्या आत जेवण, मग दिव्याखाली पट.
पट एकच, डाव चौदा.
एक मांडायचा, बघायचा, मोडायचा,
मग दुसरा.

पुराच्या साली पेठेत छातीएवढं पाणी.
भिजल्या हळदीनं कृष्णा पिवळी झाली, असं लोक सांगतात.
मी पाहिली तेव्हा चहासारखीच होती.
चिखल निघायच्या आधी आण्णांनी
पुरातल्या सगळ्या खेळाडूंची मुदत महिन्यानं वाढवली.
स्वतःची नाही.
"माझ्याच अर्जावर माझीच सही? ते बरं दिसत न्हाई."
दोन डाव वेळेवर हरले
आणि तसा निकाल स्वतःच्या पत्त्यावर
रीतसर कार्डानं पाठवला.
मीच नेऊन दिला.
उलटसुलट करून पाहिला, म्हणाले,
"चांगला उठलाय शिक्का."

असा माणूस एकदा नियमात चुकला.
अमळनेरच्या वडनेरे मास्तरांच्या कार्डावर
अक्षर निराळं आलं:
"हे गेले. पट मांडलेला आहे, झाडताना हलवत नाही.
पुढची चाल मला दिसते आहे असं वाटतं.
चालेल का?"
खाली चार आकडे.

खेळाडू वारला की डाव त्या दिवशी थांबतो.
हा नियम आण्णांनी स्वतः टाईप केलेला.
तीन दिवस गेले. आठ गेले.
मी रोज विचारायचो नाही, रोज थांबायचो मात्र.
नवव्या दिवशी कार्ड दिलं माझ्या हातात.
सांत्वन नाही, काही नाही.
चार आकडे.

दोन वर्षं चालला तो डाव.
एकेचाळिसाव्या चालीला बाईंनी राजीनामा दिला:
"चुका माझ्या आहेत. त्यांच्या नावावर लावू नका."

आण्णा गेले त्या महिन्यात त्यांचे चार डाव चालू होते.
मुलाला पत्ते लागेनात.
मला पाठ होते. माझ्या वाकड्या अक्षरात
मी चार कार्डं टाकली, आणि पाचवं अमळनेरला.

पाचव्याचंच उत्तर आलं:
"त्या डावाचा निकाल शेवटी काय लिहिला होता?"

वही माझ्याकडे आहे. मुलगा रद्दीत देत होता.
एकतीस वर्षांच्या रकान्यांत
जिंकला, हरला, बरोबरी, वेळ संपली,
कुठं खाडाखोड नाही.
त्या ओळीपुढं मात्र काहीच नाही.
पेन टेकवल्याचा एक ठिपका आहे.

रिटायर होऊन आठ वर्षं झाली.
ट्रकच्या पाटीवर ७१६३ दिसलं
की अजून घोडा उडी मारतो.
कार्ड आणून ठेवलंय, पत्ताही घातलाय.
मजकुराची बाजू कोरी.
हापिसात आता शिक्का मशीन मारतं,
तारीख अर्धीच उठते.