बाकाखालचं जॅकेट

साइमा तळ्यावर रात्रीचे दहा वाजलेत
आणि ऊन अजून धक्क्याच्या फळ्यांवर लोळतंय.
राइमो वेनलाच्या जॅकेटचा पट्टा
पायांमधून घेतो, खटकन अडकवतो,
मग खांद्याला धरून तिला उचलतो
मांजरीच्या पिलासारखं.
"हनुवटीपर्यंत सरकतंय. अजून आवळू."
ती लटकल्या लटकल्या हसते. पुढचा एक दात नाही.

सिर्कू म्हणते, पलीकडचं बेट तर आहे,
हाक मारली तर ऐकू येईल.
आणि पाणी बघ, नुसता आरसा.

तो बोलत नाही.
फोन पिशवीत, उपसायचा डबा पायाशी,
इंजिनाची लाल दोरी मनगटाला.
मग स्वतःची चेन गळ्यापर्यंत.

बोटघरात खिळ्याला एक टांगलंय, नारिंगी,
नऊ वर्षांच्या मुलाच्या मापाचं.
कुणाचं, वेनलाने मागे विचारलं होतं.
आर्वोकाकाचं.
मग तो का नाही घालत?

त्या दिवशीही पाणी आरसाच होतं.
जॅकेट बाकाखाली होतं, नीट घडी घालून.
बोट परत आली तेव्हा
तेवढं एकच कोरडं होतं.

सिर्कू दोरी सोडायला वाकते,
थांबते,
आणि आपलं बक्कल लावते.