साडेतीन आटे

खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल
पहिल्याच दिवशी घडी घालून भिंगारदेवे क्लार्ककडं दिला.
त्यांना वाटलं, धुवायला.
संध्याकाळपर्यंत नवा आणून लावला.

टेबलावर अर्जांचा ढीग.
बाजारतळावर बायकांना आडोसा नाही.
स्मशानात दिवा नाही, मयत उशिरा आली
तर मोटारसायकली ओळीनं लावून हेडलाइट पाडतात.
वाचनालयात खुर्च्या तीन,
त्यातली एक ग्रंथपालाची.
आणि एका पोरानं वहीच्या कागदावर:
आमच्या मैदानात तुमच्या सत्काराचा मांडव आहे,
कधी काढणार?

मी अकरा वर्षं सेलमला होते.
नवरा गलाईच्या भट्टीवर, मी चाळणीवर.
सोनारांच्या दुकानातला केर पोत्यानं विकत घ्यायचो,
जाळायचा, कुटायचा, धूत राहायचा,
तेव्हा कुठं तळाला मोहरीएवढं काही चमकायचं.
केर बघून नाक मुरडणाऱ्याला
त्या धंद्यात भाकरी नाही.
विट्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून अर्ज घरी आणले,
जेवणं झाल्यावर फरशीवर पसरले.
नमस्कार गेले, विनंती गेली,
आपला विश्वासू गेला.
तळाला राहिलं ते एवढंच:
आमच्याकडं पाणी कधी येणार, ते तरी सांगा.
जास्त द्या म्हणणारे
चारपाचच होते.

मग एका रात्री दोन वाजता
दस्तगीर मुलाणींच्या मागनं निघाले.
त्यांच्या खांद्यावर व्हॉल्व्हची चावी,
उंचीला माझ्याएवढी.
माग चालूच होते सगळीकडं.
रात्रपाळीचा एकजण दारात तंबाखू मळत होता,
मला बघून त्यानं हात मागं घेतला.

माळावरच्या वस्तीला दोन आटे.
बायका जाग्याच होत्या,
घागरी लावून, मांडीवर पोरं घेऊन,
नळाकडं बघत,
ऑपरेशनच्या दाराकडं बघावं तशा.
अठरा मिनिटं.

नंतर आमची गल्ली.
एक. दोन. तीन. आणि वर अर्धा.
मी मोजतेय हे त्यांनी बघितलं,
पण हात थांबला नाही.

"भाई, हे कुणी सांगितलं?"
"सांगायला कशाला पायजे, वैनी?
निकाल लागला की चावी आपसूक वळती.
आधीच्या सायबांच्या गल्लीचं दीड आटं
त्याच रात्री कमी केलं न्हवं का."

झाकणाखालून पाणी आमच्या दाराकडं धावत होतं,
गुलाल धुवायला निघाल्यासारखं.

मी म्हटलं, चावी द्या.
नुसती धरायलाच दोन्ही हात लागले.
शेवटी दोघांनी मिळून दीड आटा मागं घेतला.
लोखंड जे काही बोललं
ते मला एकटीला ऐकू आलं असावं.

सकाळी सासूबाईंनी पिंप वाजवून दाखवलं.
"मग निवडून कशाला आलीस?"
मला उत्तर सुचलं नाही.
शेजारून एक कळशी उसनी आणली.

पहिला ठराव फक्त एका फळ्याचा झाला.
गल्ली, वार, वेळ, मिनिटं.
पेंटर अत्तार विचारत होते, वर फोटोला जागा सोडू का?
म्हटलं, आटे लिहायला सोडा.
सभागृहात कुणीतरी हसलं.
पुढच्या मंगळवारी तोच माणूस
फळ्यासमोर उभा, बोट लावून
स्वतःची गल्ली शोधत होता.

बाकीचं चाललंय.
बायकांचा आडोसा: निविदा.
स्मशानातला दिवा: खांब आलाय, वायर नाही.
खुर्च्या: माझ्या केबिनमधल्या दोन
तात्पुरत्या पाठवल्यात, टॉवेलसकट.

मांडव मात्र काढला.
मैदानात बांबूंचे खड्डे राहिलेत.
त्यातल्या तीन खड्ड्यांत पोरांनी स्टंप रोवलेत,
तेवढे बुजवू नका,
असं भिंगारदेवेंना सांगितलंय.
तोंडी.
लेखी दिलं तर त्याचीही निविदा निघेल.