नारळ, मोहरी, मटकी

थर्माकोल बंद झाल्यापासून
शाळेला सूर्यमाला हवी असते
बुटांच्या खोक्यात मावेल अशी.
शनिवारी रद्दी भिजवली, मैद्याची खळ शिजवली.
रिदाने गुरूवर पट्टे ओढले
अम्मीच्या उरलेल्या मेंदीने.
शनीची कडी म्हणून आमच्या लग्नाची सीडी.
ती लावायचं यंत्रच कुठंय आता घरात.

"काका, खरंच इतके जवळ असतात?"
प्रणितने विचारलं,
आणि मी लाइट बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
चूक तिथेच झाली.

सूर्य नारळाएवढा, तर पृथ्वी मोहरी,
वीस पावलांवर.
चंद्र खसखस, मोहरीपासून दोन बोटं.
(माणूस अजून या दोन बोटांतच
जाऊन येतोय.)

खाली उतरलो, सिम्प्लेक्सच्या आवारात.
वॉचमनच्या खुर्चीत नारळ ठेवला.
तिवारीजी उभेच राहिले, सूर्य आहे म्हटल्यावर.
बुध एका स्कूटरच्या सीटवर,
पृथ्वी पडली गटाराच्या जाळीत.
दुसरी आणली.
डब्यात पुष्कळ आहेत.

गुरू, म्हणजे गोटी, गेला इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी,
शनी मेडिकलच्या पायरीवर.
नेपच्यून व्हायला कुणी तयार नव्हतं.
चौथीतला संचित म्हणाला, मी जातो.
मटकीचा दाणा मुठीत धरून
खाडीकडच्या रस्त्याने सहाशे पावलं.
इथून दिसेना.
तेच तर दाखवायचं होतं मला.

मग दिवे लागले, हाका आल्या,
ग्रह आपापल्या मजल्यांवर गेले.
सूर्य फोडून चटणी झाली.
पानं घेतली तेव्हा
एक ताट उरलं.

पळत गेलो.
खांबाखाली उभा होता, मूठ मिटलेली.
"अरे, हाका मारल्या ना!"
"इतक्या लांब ऐकू येत नाही."
"मग इथेच उभा?"
"एका फेरीला एकशे पासष्ट वर्षं, तुम्हीच म्हणालात.
तरी सरकलो की थोडा."
दाखवलं त्याने,
चपलेच्या रुंदीएवढं.

परत येताना पावलं मोजली.
माझी सहाशे, त्याची आठशेच्या वर.
म्हणाला, तुमचा हिशेब चुकलाय.

जिन्यात मूठ उघडली.
मटकी घामाने फुगलेली,
साल एका जागी
किंचित उकललेली.