स्पेसबारवर बोट

लॉ कॉलेज रोडला, अर्काइव्हच्या मागच्या खोलीत
सहा दिवस माझं काम एवढंच :
पडद्यावर कोणी तोंड उघडलं की कळ दाबायची.
कोरियन मला येत नाही.
कागदावर लिहिलेलं असतं,
‘रडू आवरतो, मग ४१२.
दार आपटतं, मग ४१३.’

प्यो दे-रिम यांचा पहिला सिनेमा : चौदाशे सहा ओळी.
सगळेच बोलतात त्यात. कंडक्टर, सासू, संपावरच्या पोरी,
मेलेला बापसुद्धा.
बोट भरून आलं.

चौथ्यात सरकारी कात्री.
ओठ हलतात, आवाज नाही,
कागदावर नुसते आकडे आणि पुढे कोरं.
मी दाबत राहिले, एकेक कोरी ओळ, इमानानं.
तिसऱ्या रांगेतले टिल्लू ओरडले, "अहो, मशीन बघा जरा!"

मग नऊ वर्षं काहीच नाही.
पत्रिकेत एकच वाक्य : या काळात त्यांचं
बुसानला छत्र्या दुरुस्तीचं दुकान होतं.
त्या नऊ वर्षांना आम्ही
पंधरा मिनिटांचं मध्यंतर दिलं. चहा, क्रीमरोल.

परतले तेव्हा ओळी पाचशे.
नंतर दोनशे दहा,
त्यातल्या तीस तर नुसत्या "जेवलास का?"
(हे मला कागद न बघता कळायला लागलं.
आई फोनवर दुसरं काय विचारते?)

शेवटचा : अडतीस.
एक म्हातारी शिंपले निवडते,
एकोणीस मिनिटं कोणी बोलत नाही.
माझं बोट कळीवर, अधांतरी.
तेवढ्यात टेकडीवर मोर ओरडला
आणि मी दचकून दाबलं.
"दिवा राहू दे"
अकरा मिनिटं आधीच, तिच्या ओल्या हातांवर.

ते मागच्या रांगेत बसले होते, सकाळीच पोचलेले.
नंतर एकानं प्रश्न म्हणून भाषण केलं.
ते "हो" म्हणाले. दुभाषी क्षिप्रानं
त्याची चार वाक्यं केली.

मग खोलीत आले. कागद मागितला,
सदतिसाव्या आकड्यावर नख टेकवलं.
मी सॉरी म्हटलं, मराठीत की इंग्रजीत आठवत नाही.
ते बराच वेळ बोलले. क्षिप्रा म्हणाली,
"म्हणतायत, आधी मीही तिथंच ठेवली होती.
निर्मात्यानं हलवली."

जाताना त्यांनी पक्ष्याचं नाव विचारलं.
मोर.
दोनदा म्हणून पाहिलं त्यांनी, र जमेना.
मी कागद चाळला उगाच.
याला आकडा नव्हता.